यंत्राचा नकार आणि नागरिकाचा हक्क

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क यांच्या संबंधाची चर्चा बहुतेक वेळा दोन प्रश्नांभोवती फिरते. यंत्र माणसापेक्षा शहाणे झाले तर माणसाचे काय होईल, हा त्यातला पहिला प्रश्न. आणि माणसाची खासगी माहिती यंत्राच्या हाती गेल्यावर तिचा गैरवापर कसा रोखायचा, हा दुसरा. पहिला प्रश्न अजून तरी भविष्यकाळाचा आहे. दुसरा आजचा आहे, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिल्यापासून त्याला भारतात भक्कम घटनात्मक आधारही लाभला आहे. मात्र ज्या माणसांना या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा फटका आजवर बसला आहे, त्यांची तक्रार या दोन्ही प्रश्नांत नीट मावत नाही. त्यांचे म्हणणे साधे आहे: भत्ता बंद झाला, रेशनकार्ड रद्द झाले, वसुलीची नोटीस आली, आणि हे कशामुळे झाले ते कोणीही सांगेना. शासनाने आपल्याविरुद्ध निर्णय घेतला तर त्याचे कारण मागण्याचा, त्या कारणाला उत्तर देण्याचा आणि ते उत्तर एखाद्या जबाबदार माणसाने ऐकून घेण्याचा हक्क हा या युगातला कळीचा मानवी हक्क आहे, आणि बाकीचे बरेच हक्क टिकणे वा न टिकणे त्याच्यावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता ही संज्ञा हल्ली इतकी सैलपणे वापरली जाते की येथे तिचा अर्थ काय, हे आधीच सांगणे बरे. जुन्या हजारो-लाखो प्रकरणांच्या नोंदी संगणकाला पुरवल्या की त्यांत वारंवार एकत्र आढळणारी लक्षणे तो हुडकून काढतो आणि नवे प्रकरण समोर आले म्हणजे त्या लक्षणांवरून त्याच्याबद्दल अंदाज बांधतो. अंदाज बांधण्याच्या अशा घडवलेल्या पद्धतीला प्रारूप म्हणतात, आणि 'या अर्जदाराने फसवणूक केली असण्याची शक्यता किती' याचे उत्तर जेव्हा आकड्यात येते तेव्हा त्या आकड्याला जोखीम-गुण म्हणतात. याहून साधी पद्धत म्हणजे दोन खात्यांच्या याद्या संगणकावर एकमेकींशी ताडून पाहणे. तिच्यात यंत्राने काही शिकण्याचा भाग फारसा नसतो. तंत्रज्ञाच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. ज्याचा लाभ थांबला त्याच्या दृष्टीने ते उरत नाही, कारण दोन्ही ठिकाणी निर्णय संगणकाच्या पडद्यावरून येतो आणि त्यामागचा विचार त्याला दिसत नाही. म्हणून येथे दोन्हींचा एकत्रच विचार केला आहे.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्सचे आहे. ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तेथे प्रशासन बऱ्यापैकी स्वच्छ, न्यायालये स्वतंत्र, वृत्तपत्रे निर्भय आणि माहिती-संरक्षणाचे कायदे कडक होते, त्यामुळे जे घडले ते मोडकळीला आलेल्या संस्थांमुळे घडले असे म्हणण्याची सोय नाही. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी तेथील सरकार भत्ता देते. तो आगाऊ मिळतो आणि हिशेब नंतर होतो. २०१३ पासून करखात्याने या अर्जांची छाननी करण्यासाठी स्वतः शिकत जाणारे एक प्रारूप वापरायला सुरुवात केली. अर्जदार डच नागरिक आहे की परदेशी, ही बाब त्या प्रारूपात जोखमीचे एक लक्षण म्हणून धरली होती, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ च्या आपल्या अहवालात तपशीलवार दाखवून दिले. गुण जास्त आला की प्रकरण तपासणीसाठी एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर जाई, म्हणजे मध्ये माणूस होता. परंतु त्या कर्मचाऱ्याला केवळ गुण जास्त आहे एवढेच कळे, तो का जास्त आला हे प्रारूप सांगत नसे, आणि जे त्यालाच ठाऊक नव्हते ते तो अर्जदाराला तरी काय सांगणार? पुढचे काम कायद्याच्या कठोर अर्थाने केले. एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या वाट्याचा खर्च भरल्याची एखादी पावती जुळली नाही, तरी वर्षाचा संपूर्ण भत्ता परत करा असा आदेश निघे, आणि अशा वसुलीची रक्कम कित्येक कुटुंबांच्या बाबतीत दहादहा हजार युरोंच्या पटीत जाई. ज्यांच्यावर हेतुपुरस्सर लबाडीचा किंवा घोर हलगर्जीपणाचा शिक्का बसला त्यांना हप्त्याहप्त्याने फेडण्याची सवलतही नाकारली गेली. हजारो संसार कर्जात बुडाले, कित्येकांची घरे आणि नोकऱ्या गेल्या, आणि बाधित कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना त्या वर्षांत आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आले.

या सगळ्यात एक तपशील असा आहे की त्यापाशी थांबले पाहिजे. आपल्यावर ठपका का आला हे समजून घेण्यासाठी काही पालकांनी करखात्याकडे आपली फाइल मागितली, तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या कागदांत पानेच्या पाने काळ्या शाईने झाकलेली होती. जिच्याविषयी निर्णय झाला त्या व्यक्तीलाच स्वतःविषयीचा मजकूर वाचता येत नव्हता. त्यातल्या अनेकांनी न्यायालयात दाद मागितली. पण प्रशासकीय खटल्यांचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या राज्यपरिषदेने 'सगळे किंवा काहीच नाही' हा करखात्याचा अर्थ वर्षानुवर्षे उचलून धरला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कुठे आपली भूमिका बदलली. दोन पत्रकार, दोन-तीन चिवट संसद सदस्य आणि पालकांची एक वकील यांनी लावून धरल्यामुळे प्रकरण संसदीय चौकशीपर्यंत पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये 'अभूतपूर्व अन्याय' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला दंड केला, तो नंतर, डिसेंबर २०२१ मध्ये: २७ लाख ५० हजार युरो. नागरिकत्वाची माहिती बेकायदा व भेदभावाने वापरल्याबद्दलचा तो दंड योग्यच होता. तरीही येथे खासगीपणाच्या हक्काची मर्यादा लक्षात येते. शासनाला आपली माहिती ठाऊक आहे, ही त्या पालकांची तक्रार मुळात नव्हती, कारण ती त्यांनीच अर्जात भरून दिली होती. तिच्यावरून आपल्याविषयी काय ठरवले गेले हे कळत नाही आणि चुकीचे ठरवले असेल तर दुरुस्त करून घेण्याची जागा सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती. खासगीपणाचा हक्क माहितीला कुंपण घालतो. कुंपणाच्या आत आधीच गेलेल्या माहितीवरून उद्या जो न्यायनिवाडा होणार आहे, त्याच्यासाठी वेगळा हक्क लागतो.

भारतातले उदाहरण शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तेलंगणात विविध सरकारी खात्यांच्या माहितीचा मेळ घालून एकेका कुटुंबाचे समग्र चित्र उभे करणारी 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली उभारण्यात आली. एका नोंदीतील माणूस आणि दुसऱ्या नोंदीतील माणूस एकच आहे का, हे ती नाव, पत्ता यांसारख्या खुणांच्या साधर्म्यावरून ठरवते. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या दुसऱ्या कोणाकडे मोटार होती, तेवढ्यावरून प्रणालीने रिक्षावाल्याच्या कुटुंबाला मोटारमालक ठरवले आणि त्या घराचे स्वस्त धान्य बंद झाले, अशी प्रकरणे पत्रकारांच्या तपासातून २०२४ मध्ये उजेडात आली. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करण्याचा आदेश दिला होता. हैदराबादच्या रिक्षावाल्यावर जे ओढवले ते महाराष्ट्रात कोणावरही ओढवू शकते. एकच नाव सातबारावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत इंग्रजीत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, आणि निम्म्या कागदांवर माहेरचे नाव तसेच राहते. नावांच्या साधर्म्यावरून माणूस ओळखू पाहणाऱ्या यंत्राला अशा ठिकाणी चुकायला भरपूर वाव असतो, आणि चुकण्याचा भार स्त्रियांवर व गरिबांवर अधिक पडतो.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना दरमहा दीड हजार रुपये मिळतात. इतर खात्यांकडील माहितीशी ताळा घेतल्यावर सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसून आले असून जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा झाल्यावर जे पात्र ठरतील त्यांचा तो पुन्हा सुरू होईल, असे जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले. त्यांत खरोखरच अपात्र असलेले पुष्कळ होते. पुरुषांनीसुद्धा या योजनेचे पैसे घेतल्याचे आढळले, आणि सार्वजनिक पैशाची अशी गळती थांबवणे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी थांबवायचे आणि मग शहानिशा करायची, हा क्रम संगणकाच्या ताळ्याला पुरावा मानतो, वास्तविक तो फक्त संशय असतो. संशयावरून हप्ता अडवला तर शहानिशा होईपर्यंतच्या महिन्यांत घरातला गॅस, औषधे, मुलांची फी यांचे जे काही व्हायचे ते होऊन जाते, आणि चूक नंतर सुधारली तरी ते परत येत नाही.

कारण मागण्याचा हक्क ही परदेशातून आणलेली कल्पना नाही. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा त्याला आधी ऐकून घेतले पाहिजे आणि आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे भारतीय न्यायालयांनी दीर्घकाळ जोपासली आहेत. १९६९ च्या क्रैपक खटल्यात ती केवळ न्यायालयीन स्वरूपाच्या कामालाच नव्हे, तर प्रशासकीय निर्णयांनाही लागू होतात असे ठरले. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पासपोर्ट जप्त करताना कारण न सांगण्याच्या सरकारी भूमिकेतूनच अनुच्छेद २१ चा आजचा व्यापक अर्थ जन्माला आला. आणि १९९० च्या एस. एन. मुखर्जी खटल्यात घटनापीठाने असे सांगितले की कायद्याने स्पष्टपणे किंवा गर्भितार्थाने सूट दिली नसेल तर प्रशासकीय अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदवलीच पाहिजेत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ४ तर एक पाऊल पुढे जाते: प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. कोणी अर्ज करावा आणि मग माहिती द्यावी, अशीही त्यात अट नाही. हे कलम वाचलेली माणसे फार थोडी, आणि त्याप्रमाणे वागणारी कार्यालये त्याहून थोडी, ही गोष्ट वेगळी.

या सर्व न्यायनिर्णयांच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की निर्णयाला कारण असते आणि ते कोणाच्या तरी डोक्यात असते. अधिकारी ते दडवील, चुकीचे सांगील, पण ते त्याच्याकडे आहे. अंदाज बांधणाऱ्या प्रारूपाने हे गृहीतकच काढून घेतले आहे. शेकडो लक्षणांच्या गुंत्यातून निघालेल्या आकड्याला माणसाच्या भाषेतले कारण पुष्कळदा नसतेच, आणि असले तरी प्रारूप बनवणारी कंपनी ते व्यापारी गुपित म्हणून देत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये लूमिस खटल्यात हाच पेच आला होता. आरोपीला किती शिक्षा द्यावी हे ठरवताना 'कॉम्पास' नावाच्या प्रणालीने दिलेला जोखीम-गुण विचारात घेतला होता आणि तो गुण कसा काढला हे कंपनी उघड करत नव्हती. न्यायालयाने सावधगिरीचे इशारे जोडून तो वापर मान्य केला. ज्या पुराव्याची उलटतपासणी घेता येत नाही त्याचा भार माणसाच्या स्वातंत्र्याच्या तराजूत टाकू देणारा हा निर्णय, इशारे कितीही दिलेले असोत, चुकीचा होता असेच म्हटले पाहिजे.

याहून खोल जाणारा आक्षेप वेगळाच आहे. प्रारूप व्यक्तीविषयी बोलत असल्याचा भास निर्माण करते, पण त्याचे ज्ञान समूहाविषयीचे असते. तुझ्यासारख्या शंभरांपैकी इतक्या जणांनी पूर्वी असे केले, म्हणून तूही करशील, हा त्याचा तर्क. विमा कंपनीला हा तर्क चालतो. हक्कांची भाषा त्याच्या नेमकी उलट आहे, कारण तिच्यात माणसाचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या कृतीने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना गाव टाकून व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते याच अर्थाने. जन्माने मिळालेल्या समूहावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजात व्यक्तीला एकक मानणे ही किती मोठी उलथापालथ होती, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

समूहावरून गुन्हेगारी ठरवण्याचा कायदा या भूमीने भोगलेलाही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींतील मूल जन्मतःच संशयित ठरवले; पुढे १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला, आणि सोलापूरची सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण व तेथली रोजची हजेरी ही त्याची मराठी मुलखातली खूण ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागोमाग आले आणि चोरी कुठेही होवो, पोलिसांचे पाय विशिष्ट वस्तीकडेच वळत राहिले. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने हे मराठी वाचकापुढे असे आणून ठेवले की त्याला नंतर अज्ञानाचे निमित्त सांगता येऊ नये. आता या इतिहासाशेजारी गुन्ह्यांचा अंदाज बांधणारे प्रारूप ठेवून पाहावे. त्याला शिकवण्यासाठी दिलेली सामग्री म्हणजे अटकांच्या जुन्या नोंदी. अटका जेथे जास्त झाल्या तेथे गुन्हे जास्त, असा निष्कर्ष ते काढणार. पोलीस तेथे आणखी जाणार. आणखी अटका होणार. आणि नव्या नोंदींनी जुना निष्कर्ष खरा ठरल्यासारखा दिसणार. जातीचे नाव प्रारूपात कोठेही लिहावे लागत नाही, वस्तीचा पत्ता पुरतो. महाराष्ट्र शासनाने पोलिसी कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी २०२४ मध्ये नागपूरला 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली आहे, आणि आरोपींची शारीरिक मोजमापे ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद करणारा केंद्राचा कायदा २०२२ मध्ये झाला आहे. सायबर फसवणुकीच्या तपासात या साधनांचा उपयोग होईल यात शंका नाही. मात्र विमुक्त जमातींच्या बाबतीत जुन्या नोंदींचा हा वारसा ही साधने कशी हाताळणार, याचे उत्तर वापर वाढण्याआधी जाहीरपणे दिले गेले पाहिजे, कारण त्या नोंदी कोणी आणि कोणत्या नजरेने केल्या हे महाराष्ट्राला चांगले माहीत आहे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माणूस काही कमी पक्षपाती असतो का? तलाठ्याच्या मर्जीवर, रेशन दुकानदाराच्या लहरीवर, साहेबाच्या टेबलाखालच्या व्यवहारावर ज्यांची कामे पिढ्यानपिढ्या अडली, त्यांना यंत्राचा निर्विकारपणा हा दिलासा वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. पोर्टलवर अर्ज केला, कोणाला सलाम ठोकावा लागला नाही आणि पैसे थेट खात्यात आले, हा अनुभव लहान नाही. त्यात प्रतिष्ठा आहे आणि तोही हक्कांचाच भाग आहे. शिवाय यंत्राचा पक्षपात मोजता येतो, तसा माणसाचा सहसा येत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलेले आढळले. एखाद्या फौजदाराच्या मनातला दुजाभाव इतक्या नेमकेपणाने कधीच मोजता आला नसता.

हा आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे आकारमान. एका तलाठ्याची खोड एका सजापुरती असते, प्रारूपातली खोड एका रात्रीत संपूर्ण राज्याला लागू होते. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान वाटून, त्या सरासरीच्या आधारे लाभार्थींनी जादा मदत घेतल्याचे परस्पर ठरवले गेले. ज्यांना हंगामी काम मिळे त्यांच्या बाबतीत हे गणित साफ चुकीचे होते, पण ते चुकीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधण्याची जबाबदारी गरिबांवर टाकली गेली, आणि लाखो लोकांकडून बेकायदा वसुली झाल्यावर २०१९ मध्ये न्यायालयात ती टिकली नाही. त्यात प्रगत बुद्धिमत्ता कसलीच नव्हती, साधा भागाकार होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तलाठ्याशी भांडता येते. त्याच्या वरच्याकडे जाता येते, त्याला ग्रामसभेत जाब विचारता येतो, त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. या मुलखातल्या कितीतरी चळवळी अशाच कचेऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. 'सिस्टीममध्येच असे दाखवते' हे खिडकीवरचे वाक्य मात्र भांडणाचा रस्ताच बंद करते, कारण ते म्हणणारा कारकून खोटे बोलत नसतो: त्याला खरोखरच ठाऊक नसते आणि त्याच्या हातात खरोखरच काही नसते.

यावर सामान्यतः सुचवला जाणारा उपाय म्हणजे अंतिम निर्णय माणसाने घ्यावा. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीतील अनुच्छेद २२ ने केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयापासून संरक्षण दिले आहे. पण नेदरलँड्समध्ये माणूस होताच. समोर मोठा गुण दिसत असताना त्याच्याविरुद्ध मत देण्यासाठी वेळ, माहिती आणि धैर्य लागते, आणि दिवसाला शेकडो प्रकरणे निकाली काढणाऱ्या कर्मचाऱ्याकडे यांपैकी काहीही नसते. चुकून पात्र ठरवले तर त्याच्यावर ठपका येतो, चुकून अपात्र ठरवले तर सहसा येत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी जर्मनीतील 'शुफा' या पतमापन कंपनीच्या प्रकरणात ही पळवाट ओळखली: बँक जर त्या कंपनीच्या गुणावरच प्रामुख्याने विसंबून कर्ज नाकारत असेल, तर गुण देणे हाच निर्णय होय, असे त्याने ठरवले. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरोपीय कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने सार्वजनिक लाभांची पात्रता ठरवणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या वर्गात टाकले आणि बाधित व्यक्तीला स्पष्टीकरण मागण्याचा हक्क दिला. भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात, माहितीवरून व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा असेल तर ती अचूक असावी असे बंधन आहे, पण निर्णयाचे कारण मागण्याचा हक्क नाही; शिवाय केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे शासनाच्या काही यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते.

माणसाची सही पुरेशी नसेल तर मग नियम कोणता असावा? यंत्राला 'हो' म्हणू द्यावे, 'नाही' म्हणू देऊ नये, हा नियम येथे सुचवावासा वाटतो. वेगवेगळ्या खात्यांची माहिती जुळवून एखादी विधवा निवृत्तिवेतनास पात्र असूनही तिने अर्ज केलेला नाही असे यंत्राला दिसले, तर त्याने तिचे नाव पुढे काढावे, पैसे खात्यात जमा करावेत. त्यात चूक झाली तरी शासनाचे थोडे पैसे जातात आणि ते सोसण्याची ताकद शासनात असते. नकार, स्थगिती, वसुली किंवा अटक यांपैकी काहीही करायचे असेल, तर यंत्राने दाखवलेला संशय ही फक्त चौकशीची सुरुवात धरावी; अधिकाऱ्याने स्वतः पुरावा पाहावा, व्यक्तीला नोटीस द्यावी, तिचे ऐकावे आणि आपल्या शब्दांत कारण लिहून नावानिशी सही करावी. ज्या प्रारूपाच्या गुणाचे रूपांतर अशा कारणात करता येत नाही, तो गुण नकारासाठी निरुपयोगी समजावा. जेथे जागा मोजक्याच असतात, म्हणजे प्रवेश, घरकुल, नोकरी अशा ठिकाणी, एकाचा होकार हाच दुसऱ्याचा नकार असल्यामुळे हा नियम जसाच्या तसा चालणार नाही हे खरे. तेथे क्रम कोणत्या निकषांवर लावला हे निदान प्रत्येकाला तपासता आले पाहिजे. याने काम मंदावेल, खर्च वाढेल. तो खर्च आज कोणीच करत नाही असे नाही. तो लाभार्थी करतात, तालुक्याच्या गावी मारलेल्या हेलपाट्यांत आणि बुडालेल्या मजुरीत.

शासनापुरताच हा नियम थांबवणेही बरोबर नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जेवणाचे डबे आणि किराणा पोहोचवणाऱ्या हजारो तरुणांच्या बोलण्यात 'आयडी ब्लॉक झाला' हा शब्दप्रयोग रुळला आहे. त्याचा अर्थ नोकरी गेली एवढाच असतो. फरक इतकाच की काढून टाकणारा मालक दिसत नाही, पत्र मिळत नाही आणि मदतकेंद्राच्या ॲपवर येणारे उत्तरही बहुधा यंत्रच देते. कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी केलेल्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. गिरणी कामगारांच्या लढ्यांची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत शेजाऱ्याच्या मागे राहू नये.

महाराष्ट्राला यासाठी नव्याने सर्व उभारायचे नाही. केंद्राचा माहिती अधिकाराचा कायदा येण्याआधी या राज्याने स्वतःचा कायदा करून दाखवला होता. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमही अस्तित्वात आहे: अर्ज नाकारायचा असेल तर लेखी कारण द्यावे लागते, वर दोन अपिले आहेत, त्यांच्यावर आयोग आहे. त्याची उणीव अशी की तो सेवा मिळवण्यासाठी केलेल्या अर्जाचा विचार करतो; आधीपासून मिळत असलेला लाभ संगणकाच्या ताळ्यावरून थांबवला गेला तर काय, याविषयी तो बोलत नाही. नोटीस आणि सहीनिशी कारण दिल्याशिवाय कोणताही चालू लाभ थांबवता येणार नाही, आणि थांबवण्यासाठी स्वयंचलित प्रणाली वापरली असेल तर ते त्या नोटिशीत सांगावेच लागेल, अशी दुरुस्ती त्यात करणे विधिमंडळाला एका अधिवेशनात शक्य आहे. आमदारांनी ती मांडावी, आणि ज्यांचा हप्ता, धान्य किंवा निवृत्तिवेतन कारण न सांगता बंद झाले आहे त्यांनी तोवर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा हवाला देऊन कार्यालयाकडे लेखी कारण मागावे.